मागे न वळता ओळखलेला आवाज

मॅडम,

तुम्ही गेल्यापासून माझ्या पाठीमागे कुणी बोललं की मला सहन होत नाही. बसमध्ये मी शेवटच्या सीटवर बसते, पाठ टेकवून. लिफ्टमध्ये आधीच कुणी पुरुष उभा असला की मी जिन्याकडे वळते. अम्मी म्हणते, "अगो, तुझ्या जजबाई गेल्या त्याचं दुःख आहे हे. होईल हळूहळू कमी." मी मान हलवते. दुःख तर आहेच. पण दुःखाने माणूस दाराला कडी लावून पुन्हा पुन्हा तपासायला उठत नाही. ही भीती आहे, आणि ती मी कुणाला सांगू शकत नाही. सांगायची तर तुम्हालाच सांगितली असती.

डेन्मार्कच्या पेपरांत तुमच्यावर खूप लिहून आलंय. तुमच्या पुतणीने मला पाठवलं, मी भाषांतर लावून वाचलं. कुठल्या कोर्टात होतात, कुठली पुस्तकं लिहिलीत, साक्षीपुराव्याच्या अभ्यासात तुमचं नाव कसं घेतात. सगळं बरोबर आहे. फक्त जुलैच्या उन्हात अबुधाबीच्या कॉर्निशवर, त्या समुद्राकाठच्या रस्त्यावर, सायकल चालवून लालबुंद होऊन ऑफिसात येणारी बाई त्यात कुठे नव्हती. डब्यातल्या काळ्या पावावर खारवलेला मासा ठेवून माझ्यापुढे करणारी नव्हती. मी नाक मुरडलं होतं, आठवतं? "तुमच्या रत्नागिरीत मासे वाळवतात म्हणालीस ना? मग हे काय वेगळं आहे?" दुसऱ्या दिवशी मी अम्मीने केलेली सुकटाची चटणी आणली. तुम्ही चमचाभर तोंडात टाकलीत आणि पुन्हा चमचा बुडवलात. मग म्हणालात, "माझ्या आजीच्या घराचा वास असाच होता." तुमचं गाव समुद्राकाठचं, थंड, वाऱ्याचं. माझं आजोळही समुद्राकाठचं, फक्त घामाचं. त्या दिवसापासून मला तुमची भीती वाटेनाशी झाली.

त्याआधी वाटायची. इंटरव्ह्यूच्या दिवशी तर मी पहिल्याच प्रश्नाला अडखळले होते. दुबईत वाढलेली मुलगी, इंग्रजी शाळा, लॉची डिग्री, आणि तोंडातून शब्द फुटेना. तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, "सावकाश. मला कुठेही जायचं नाही." नंतर कळलं की साक्षीदारांशीही तुम्ही असंच बोलायचात. कोर्टातून निवृत्त होऊन तुम्ही अबुधाबीच्या विद्यापीठात शिकवत होतात; मी तिथे तुमची रिसर्च असिस्टंट झाले आणि रोज बर दुबईहून अबुधाबीची बस पकडू लागले. अब्बा सगळ्यांना सांगत फिरायचे, "आमची रुबिना आंतरराष्ट्रीय जजसोबत काम करते." तुम्ही मला सांगितलं होतंत की डेन्मार्कमध्ये सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, तर तूही मला बिर्टे म्हण. मी एकदा प्रयत्न केला. जीभच वळली नाही.

एकदा तुम्ही ईदला आमच्या घरी, बर दुबईतल्या मनखूलला आलात. अब्बांनी विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षीपण याल ना?" तुम्ही म्हणालात, "इन्शाल्ला." अब्बा खूश. मग तुम्ही हसत सांगितलंत की एका खटल्यात एक साक्षीदार प्रत्येक प्रश्नाला इन्शाल्ला म्हणायचा, एक दुभाषा त्याचा अर्थ 'हो' सांगायचा आणि दुसरा 'बघू', आणि वकील त्यावरून भांडत बसले. "मग तुम्ही काय ठरवलंत?" अब्बांनी विचारलं. "मी साक्षीदाराला विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? तो म्हणाला, मला भीती वाटते." अम्मीने तुमच्या ताटात आणखी बिर्याणी वाढली आणि विषय बदलला.

जाताना अम्मीने मला आत नेऊन विचारलं होतं, "गो, या बाई एवढी माणसं तुरुंगात घालून आल्या, यांना झोप लागते का?" मी दुसऱ्या दिवशी तुम्हाला तसंच विचारलं. तुम्ही म्हणालात, "झोप लागते. पण निकालाच्या सकाळी मला उलटी व्हायची. दर वेळी. शिक्षा दिली तरी, सोडून दिलं तरी."

सोडून दिलेला माणूस मी त्यानंतर काही महिन्यांनी पाहिला.

दुपारची वेळ होती. मॉलमध्ये कॉफीच्या रांगेत आपण उभ्या होतो. तुम्ही माझ्या मसुद्यातली एक चूक समजावत होतात, आणि मध्येच थांबलात. तुमचा हात माझ्या मनगटावर आला. एवढ्या जोरात की मी ओरडणारच होते. आपल्या मागे कुणीतरी सोबतच्या माणसाला काहीतरी सांगत होतं, परक्या भाषेत, अगदी साध्या सुरात, कॉफीत साखर नको वगैरे सांगावं तसं. तुम्ही मागे वळला नाहीत. "चल," तुम्ही कुजबुजलात. आपण रांगेतून बाहेर पडलो, तेवढ्यात तो इंग्रजीत म्हणाला, "गुड आफ्टरनून, युअर ऑनर."

उंच, पांढरे केस, उत्तम इस्त्रीचा शर्ट. त्याने छातीवर हात ठेवून मान लववली. "किती वर्षांनी! मी इथेच असतो आता. दुबईत अल क्वोजला माझं टाइल्सचं गोदाम आहे. तुमच्यामुळे मला हे आयुष्य मिळालं." त्याने माझ्याकडे पाहिलं, हसला. "आणि ही तुमची असिस्टंट?"

गाडीत बसल्यावर तुम्हाला किल्ली लावता येईना. मीच गाडी चालवली.

ऑफिसात आल्यावर तुम्ही सांगितलंत तो कोण. मी ते निकालपत्र वाचलेलंच होतं, ते वेबसाइटवर कुणालाही वाचता येतं. एका डोंगराळ देशातलं युद्ध. एका गावातली पिठाची गिरणी. गावकऱ्यांना अंगणात उभं केलेलं, आणि फळ्यांच्या भिंतीमागे पोत्यांत लपलेली एक बाई. तिने बाहेर दिलेला, त्यांना मारायचा हुकूम ऐकला. हुकूम देणाऱ्याचं तोंड तिला दिसलं नाही. त्या अंगणात तिचे वडील होते, भाऊ होता. पुढे कोर्टात तिने सांगितलं की तो आवाज याचाच, मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिचं खरं नाव कुठेच नाही, एका अक्षराने तिचा उल्लेख आहे. तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी म्हटलं की एकदाच ऐकलेल्या, भिंतीपलीकडच्या आवाजावरून माणसाला दोषी ठरवता येणार नाही. तो सुटला. निकालपत्र तुम्ही लिहिलं होतंत.

मी तेव्हा तुमच्याशी भांडले. असिस्टंटने प्रोफेसरशी बोलावं तशी बोलले नाही.

"मॅडम, तुम्ही मागे वळलाच नव्हता. तरी ओळखलंत."

"मी त्याला कोर्टात महिनोन् महिने ऐकलं होतं, रुबिना. दुभाष्याचा हेडफोन काढून ठेवून ऐकायचे. तिने एकदाच."

"एकदाच, पण कसं ऐकलं असेल तिने! तुम्ही खुर्चीत बसून ऐकत होतात. ती पोत्यांमागे होती."

"म्हणूनच. भीती कान तीक्ष्ण करते आणि भीतीच कानांना फसवते. मी दोन्ही प्रकारचे साक्षीदार पाहिलेत. दोघंही तेवढ्याच खात्रीने बोलतात. मी कसं ओळखायचं कोण कुठला?"

"तुमचा तिच्यावर विश्वास बसला होता का?"

तुम्ही उठलात, केटलमध्ये पाणी भरलंत, आणि पाणी उकळेपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिलात. "न्यायाधीशाचा विश्वास निकालपत्रात लिहीत नाहीत," एवढंच म्हणालात. हे उत्तर नव्हतं. तुम्हालाही ते माहीत होतं.

त्यानंतर तुम्ही बदललात. बाकी कुणाला दिसलं नाही, मला दिसलं. सायकल बंद झाली. हॉटेलात गेलो की तुम्ही भिंतीकडे पाठ करून बसायला लागलात. तुमच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. आवाज ओळखण्यावरचं प्रकरण तुम्ही उघडायचात, दोन परिच्छेद लिहायचात आणि पुसून टाकायचात. वर्गात तो भाग आला की म्हणायचात, "हे पुढच्या वेळी." पुढची वेळ आलीच नाही. एकदा एका विद्यार्थिनीने विचारलं, "प्रोफेसर, विल इट बी इन द एक्झाम?" तुम्ही म्हणालात, "नाही. मला स्वतःला याचं उत्तर लिहिता येत नाही." मुलं हसली. मला हसू आलं नाही.

त्याच दिवसांत बातमी आली की त्या देशाने दुसऱ्या एका गावाबद्दल नव्याने चौकशी सुरू केली आहे, आणि तिथेही हाच माणूस होता असा आरोप आहे. जुने साक्षीदार पुन्हा शोधले जात होते. तुम्ही ऑफिसचं दार लावलंत आणि माझ्या फोनमध्ये एक नंबर सेव्ह करायला लावलात. तुमच्या जुन्या कोर्टातल्या, साक्षीदारांना सांभाळणाऱ्या विभागाचा. "तो तुझ्याशी कधी बोलला, नुसतं हॅलो म्हणाला तरी इथे फोन कर. आधी इथे. मग घरी सांग."

"माझ्याशी कशाला बोलेल तो? मला काय माहीत आहे?"

"काही नाही. पण त्याला ते माहीत नाही."

तुम्ही हे अगदी शांतपणे म्हणालात. माझ्यासाठी घाबरलेलं माणूस कसं दिसतं, ते मी तेव्हा पाहिलं. अम्मी घाबरते तेव्हा ओरडते. तुम्ही माझ्या जॅकेटची कॉलर सरळ केलीत.

मग ते सगळं फार पटकन झालं. सकाळी तुम्ही फोन उचलला नाहीत, वॉचमनने दार उघडलं, हॉस्पिटल. डॉक्टर स्ट्रोक म्हणाले. मी भेटायला यायचे तेव्हा तुम्ही डोळे उघडायचात, माझा हात धरायचात, आणि तोंडातून डॅनिश यायचं. इंग्रजी गेली होती. शेवटच्या भेटीत तुम्ही बराच वेळ काहीतरी सांगत होतात, माझ्याकडे रोखून बघत, पुन्हा पुन्हा तेच. मी मान डोलवत राहिले. नर्स फिलिपिनो, मी मराठी. खोलीत कुणालाच तुमचा शब्द कळला नाही. आयुष्यभर दुभाष्यांच्या मध्ये बसलेल्या बाईला शेवटी एक दुभाषा मिळाला नाही. मला फोनवर रेकॉर्ड करायचंही सुचलं नाही. ते माझ्याविषयी होतं की त्या गिरणीतल्या बाईविषयी, की नुसतं पाणी मागत होतात, ते मला आता कधीच कळणार नाही.

फॅकल्टीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मी दारापाशी उभी राहून येणाऱ्यांचे हात हातात घेत होते, कारण इथे तुमचं घरचं असं दुसरं कुणी नव्हतं. पुतणी तुम्हाला घेऊन आदल्या दिवशीच्या विमानाने गेली होती. एकेक जण "सो सॉरी" म्हणत पुढे सरकत होता. मी खाली पाहत होते. एक मोठा, कोरडा हात माझ्या हातात आला आणि सुटला नाही.

"फार न्यायी बाई होत्या," तो म्हणाला.

मी वर पाहिलं.

"तुम्हाला खूप काही सांगितलं असेल त्यांनी. मला फक्त एका व्यक्तीचे आभार मानायचे आहेत. ती साक्ष द्यायला आलेली बाई. माझा तिच्यावर राग नाही. ती कुठे असते ते तुमच्या कानावर आलं असेल, तर मला सांगा." त्याचा सूर खरंच मायाळू होता. मग त्याने माझा हात हलकेच दाबला. "मनखूलहून रोज बसने येता ना? फार लांब पडतं तुम्हाला."

आणि तो पुढे जाऊन तुमच्या फोटोपुढे मान लववून उभा राहिला.

मी बाथरूममध्ये गेले, दार लावलं, आणि तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईने तो काय म्हणाला ते शब्दशः विचारलं. सांगता सांगता मला कळलं की यात धमकी कुठेच नाही. आभार मानायचेत म्हणणं हा काही गुन्हा नाही. बस लांब पडते म्हणणं तर नाहीच. पोलिसांना मी काय सांगू? एक माणूस माझ्याशी फार चांगलं बोलला?

घरी सांगितलं तेव्हा अब्बा उठून दाराची कडी बघून आले. अम्मी म्हणाली, "खलास. ती नोकरी सोड. दुबईत वकिलांची काय कमी ऑफिसं आहेत?" धाकटी बहीण सना म्हणाली, "शी इज नॉट गोइंग टू क्विट बिकॉज ऑफ सम क्रीप, अम्मी." मग त्या दोघी भांडत बसल्या, आणि मी खिडकीतून खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या पाहत राहिले. त्या गाड्या रोजच तिथे असतात. त्या दिवशी प्रत्येक गाडीत कुणीतरी बसलंय असं वाटत होतं.

आणि आता हे ऐका, कारण आपल्या त्या भांडणात इथे तुम्ही जिंकलात. परवा मी आमच्या खालच्या सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर घेत होते. मागून त्याचा आवाज आला. तोच. तसाच मऊ, शब्द ओढून बोलणारा. माझ्या हातातली टोपली पडली. मी तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन खाली बसले आणि तोंडावर हात दाबून धरला. कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की तोच आहे. पुसटशीही शंका नव्हती. आणि मग तो माणूस समोरून गेला. बुटका, टक्कल पडलेला, बायकोला लिंबं दाखवत होता. मला तिथे बसलेलं पाहून घाबरून म्हणाला, "हबीबती, आर यू ओके?"

मी त्या पोत्यांमागे बसून तुमच्यासाठी रडले, मॅडम. हॉस्पिटलमध्येही एवढी रडले नव्हते. इतक्या खात्रीने मी एका लिंबं घेणाऱ्या गरीब माणसाला गुन्हेगार ठरवलं होतं. तुम्ही निकालाच्या सकाळी कशाला घाबरत होतात ते मला तिथे कळलं. आणि तरीही, कॉफीच्या रांगेत माझ्या मनगटावर आलेला तुमचा हात मला विसरता येत नाही. तुम्ही चुकला नव्हतात. रांगेत तोच होता. आपलं भांडण मी एकटीने दोन्ही बाजूंनी भांडते आहे आणि ते संपत नाही.

काल त्या विभागातून फोन आला. त्यांनी त्या साक्षीदार बाईला कळवलं होतं, की तो तिचा पत्ता काढतोय. हे कळणं तिचा हक्क आहे, असं तिथल्या बाई म्हणाल्या. आणि तिला माझ्याशी बोलायचं होतं. कुठून बोलतेय ते सांगणार नाहीत, नाव सांगणार नाहीत, मध्ये दुभाषा असेल. माझी हरकत आहे का?

मी हो म्हणाले. अम्मी शेजारी येऊन बसली.

आधी तिचा आवाज यायचा, मग दुभाष्याचा. थोडा खरखरीत, वयस्कर आवाज. तिने माझी चौकशी केली. घरी आईवडील आहेत का, एकटी फिरतेस का. मग विचारलं, "त्या जजबाई माझ्याबद्दल कधी काही बोलल्या का?"

मला खोटं बोलता आलं असतं. 'त्यांचा तुमच्यावर विश्वास होता' एवढं एक वाक्य. पण तुम्ही ते मला कधी सांगितलं नव्हतंत, आणि तुमच्या तोंडी ते घालायचा मला अधिकार नव्हता. म्हणून मी जे पाहिलं ते सांगितलं. मॉल, रांग, तुमचा हात. तुम्ही मागे न वळता त्याला ओळखलंत. त्यानंतर तुम्ही कुठेही दाराकडे पाठ करून बसला नाहीत. पुस्तकातलं एक प्रकरण तुम्हाला शेवटपर्यंत लिहिता आलं नाही.

दुभाषा सांगत गेला.

"ती विचारते आहे," दुभाषा म्हणाला, "त्यांचे हात थरथरत होते का?"

"हो," मी म्हणाले. "गाडीला किल्ली लावता येत नव्हती."

मग ती थोडं बोलली, अगदी हळू.

"ती म्हणते, मग त्यांना कळलं. उशिरा, पण कळलं. ती म्हणते, मी पुन्हा साक्ष द्यायला जाईन."

तुम्ही रागावाल का, मॅडम? मी कदाचित सांगू नये ते सांगितलं. न्यायाधीशाचे हात निकालपत्रात लिहीत नाहीत, हे मला माहीत आहे.

चौकशी करणारी माणसं पुढच्या आठवड्यात रीतसर परवानगी घेऊन इथे येत आहेत. तो शोकसभेत काय बोलला, याचा माझा जबाब त्यांना हवा आहे. नाव उघड न करता देता येईल का, असं मी विचारलं. विभागातल्या बाई म्हणाल्या, "हॉलमध्ये तो हे फक्त तुमच्याशीच बोलला, तेव्हा नाव झाकून काय उपयोग?"

मी तयार झालेय. अम्मी म्हणते मी वेडी आहे, आणि मग म्हणते, मी येईन सोबत, बाहेर बसेन. मला फार भीती वाटते, मॅडम. तिचं खरं नाव मला अजूनही माहीत नाही. माझं मात्र आता त्याला माहीत असणार.